नापासबाई आणि राणीसाहेब

बाबांची टॅक्सी रांगेत तिसरी उभी दिसली आणि नापासबाई खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

नापासबाई हे नाव टॅक्सीवाल्यांनी ठेवलेलं. पेट्रोल पंपामागच्या पत्र्याच्या खोलीत बसून ती गाड्यांचा धूर तपासायची. सायलेन्सरमध्ये यंत्राची नळी दोन वीत आत सारायची, ॲक्सिलरेटर दाबायला लावायचा आणि पडद्यावरचा आकडा बघायचा. आकडा वर गेला की गाडी नापास. मग समोरचा पाया पडो नाहीतर डोळे वटारो, बाई काही हलायची नाही. दुसऱ्या तपासणी केंद्रांवर नळी चार बोटंच आत घालत. बाहेरची हवा मिसळली की आकडा कसा गरीब गाईसारखा खाली बसायचा. "बाई, चार बोटं घाला ना," म्हणून ड्रायव्हर गयावया करायचे. तिचं उत्तर ठरलेलं होतं, "ती चार बोटं तोंडावर ठेवा आणि गप्प उभे राहा."

पण ही गाडी म्हणजे राणीसाहेब! बाबांचा जीव की प्राण. गेली एकोणतीस वर्षं घर चाललं ते हिच्यावर, नापासबाईचं शिक्षण झालं ते हिच्यावर, आणि आई शेवटची दवाखान्यात गेली तीही हिच्याच मागच्या सीटवर. किल्लीला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा घरात दंडक होता. सातव्या वर्षी तिनं लावला, तर असा धपाटा बसला की पाठ अजून त्याची आठवण काढते. इंजिन आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलेलं, तेव्हा राणीसाहेब नापास झाल्या म्हणजे बाबा घरी बसले. या वयात नवी गाडी कुठून येणार? आणि दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघणारा बाप तिला बघवणार होता का?

पुढच्या दोन गाड्या गेल्या. बाबांनी टॅक्सी पुढे घेतली आणि इंजिन चालू ठेवूनच काच खाली केली.

"काय बाई, ओळख आहे का?"

"बाबा, तुम्ही इकडे कशाला आलात?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "दर वेळी नाक्यावरच्या केंद्रात जाता ना?"

"यंदा म्हटलं, लेकीकडे जावं."

म्हणजे नाक्यावरही जमलं नसणार, तिच्या मनात आलं. लेक सांभाळून घेईल, या भरवशावर आले असणार. ती नळी घेऊन गाडीच्या मागे गेली. रोज सकाळी याच बाजूनं तिची सहा वर्षांची पोर पळत यायची. आजोबा तिला शाळेत सोडायचे आणि दोघांचा एक खेळ होता. पोर चिमटीत नाक धरून गाडीला वळसा घालायची, आत बसायची आणि दार लावल्यावरच श्वास सोडायची. आजोबा मोठ्यानं आकडे मोजायचे. "सातात आलीस की गं आज!" मग दोघं खिदळायची. दारात उभी राहून नापासबाई टाळ्या वाजवायची. हे सुख आपल्याच हातानं काढून घ्यायचं?

नळी सायलेन्सरच्या तोंडाशी धरून ती थबकली. चार बोटं. फक्त आजचा दिवस. रांगेतले टॅक्सीवाले माना उंच करून बघत होते. आरशातून बाबाही बघत होते. गेल्याच आठवड्यात तिनं एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला परत पाठवलं होतं. तोही कुणाचा तरी बाबाच होता.

तिनं काळजावर दगड ठेवला आणि नळी दोन वीत आत सारली.

"दाबा, बाबा."

काळाकुट्ट लोट उठला. आकडा वर गेला तो वरच राहिला. कागद घेऊन ती खिडकीशी आली तेव्हा तिला समोरचं नीट दिसतही नव्हतं.

"नापास, बाबा," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "माझ्यानं नाही झालं हो. मला माफ करा."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी वरच्या खिशातून घडी केलेला एक कागद काढून तिच्या हातात दिला. नाक्यावरच्या केंद्राचा, कालच्या तारखेचा. त्यावर लिहिलं होतं, पास.

"चार बोटं घातली त्यानं," बाबा म्हणाले. "मी शेजारी उभा राहून बघितलं."

"मग आज परत इकडे कशाला?"

बाबा स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसत राहिले.

"सकाळी पोरीला म्हटलं, रोज काय तोच तो खेळ, आज दुसरा खेळू या. तर म्हणाली, 'आजोबा, तो खेळ नाहीये. मागे धूर असतो ना, मला खोकला येतो. पण तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून मी खेळ म्हणते.'"

नापासबाई गारच पडली. आपण टाळ्या वाजवत होतो!

"एवढीशी पोर मला सांभाळून घेतेय, आणि मी मेला आकडे मोजतोय," बाबांचा आवाज चिरकला. "म्हटलं, गावातल्या सगळ्यांत खडूस बाईकडे जावं. तू तरी सांभाळून घेणार नाहीस."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. राणीसाहेब अजून धडधडत होत्या. बाबांनी किल्लीकडे हात नेला, मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. मग ते शेजारच्या सीटवर सरकले आणि आपली जागा त्यांनी लेकीला मोकळी करून दिली.

"ये, बस," ते म्हणाले. "तूच बंद कर. माझ्या हातानं होत नाही."