कापलेला दोर

कोंडाजीने पोत्यात हात घालून दोराचं टोक ओढलं, तर हातभर तुकडाच बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा.

"कमाल, ह्यो दोर कुणी कापला रं?"

"मीच," कमाल म्हणाला.

झाडं छाटायच्या धंद्यात अठरा वर्षं दोघांची जोडी. कोंडाजी वर चढायचा, कमाल खाली दोर धरायचा. दोराची राखणही कमालचीच. भिसेगावातल्या त्याच्या घरी दोर सावलीत खुंटीला टांगलेला असे आणि टेंपोत पेट्रोलच्या कॅनपासून लांब, त्याच्या मांडीवर येई. एवढे लाड माझेसुद्धा नाय, असं त्याची बायको रुकय्या म्हणायची. झिजलेला दोर कमाल असाच कापून टाकी, चुकून कुणी त्यावर चढायला नको म्हणून. पण हा तर दिवाळीतच घेतलेला.

"का कापलास?"

"आठ दिस थांब. नवा मी आणतो."

एवढं बोलून कमाल तुकडे पोत्यात भरू लागला.

खालापुरातल्या या शाळेच्या छतावर लोंबणारी शिरीषाची फांदी आज उतरली नाही, तर उद्या काम क्रेनवाल्याकडे जाणार होतं. कोंडाजीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कमाल क्रेनवाल्याला फितूर झाला होता. अठरा वर्षं ज्याच्या हातात जीव दिला, त्यानेच केसाने गळा कापला. संतापापेक्षा त्याला रडूच जास्त येत होतं.

"जा. परत तोंड दाखवू नको."

कमाल गेला. त्याने साधा वादसुद्धा घातला नाही, हे कोंडाजीला जास्त लागलं.

त्याने धाकट्या भावाला, चांगोला, फोन लावला. कुंभिवलीची जमीन विकायला कोंडाजी सही देत नाही, म्हणून चांगो वर्षभर फुगून बसला होता. पण आज तासाभरात विहिरीच्या कामाचा जाड दोर घेऊन हजर झाला. शेवटी आपलं माणूस ते आपलं, असं वाटून कोंडाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली.

खोडावरून चढून तो बेचक्यात बसला. वरच्या फांदीवरून दोर घेऊन कमरेला बांधला. दुसरं टोक खाली चांगोने धरलं. आता दोरावर लोंबकळत छताकडच्या फांदीपाशी जायचं, इतक्यात फोन वाजला. रुकय्या बोलत होती.

"कोंडाजीभाऊ, हे घरी येऊन रडतायत. सांगू नको म्हनाले, पन सांगते. काल हे नमाजला गेले तवा चांगोभाऊ दोर बघायला आले. घरचं मानूस म्हनून मी दाखवला. मग ह्यांना दोराला बॅटरीच्या ॲसिडचा वास आला. असा दोर दिसायला चांगला, पन भार पडला की तुटतो. भावाभावांत वाकडं नको म्हनून हे गप बसले. तुमी चांगोभाऊंच्या हातचं काय घेऊ नका."

कोंडाजीने खाली पाहिलं.

"दादा, थांबलास का?" चांगो मायेने म्हणाला. "टाक की सगळा भार दोरावर."