सासुरवाडी गटाबाहेर

आरक्षण सोडतीची चिठ्ठी उघडली, ‘फणसघर, सर्वसाधारण महिला’ असं माइकवरून पुकारलं गेलं आणि काशीरामभाऊंचं हसू जागच्या जागी सुकलं. फणसघर हा त्यांचाच जिल्हा परिषद गट. लागोपाठ तीनदा निवडून आलेल्या माणसाला आता स्वतःच्याच गटात उभं राहायची सोय उरली नाही. चिठ्ठी काढणाऱ्या शाळकरी पोरीला मात्र चॉकलेट मिळालं होतं, ती खुशीत होती.

"फिकीर कशाला करताव भाऊ?" त्यांचा कार्यकर्ता सर्वेश कानाशी लागला. "वयनी हायत ना! बॅनरवर त्यांचा फोटो मोठा, तुमचा जरा ल्हान. कारभार तोच."

भाऊंना ते पटलं. पटण्यासारखंच होतं, सगळीकडे हेच चालतं. बाहेर गाडीत बसताना सर्वेशला आणखी उमाळा आला. "नि धामणवाडीची मतां तर वयनींच्या घरचीच..." एवढं बोलून त्याने जीभ चावली. भाऊंनी काच वर केली.

धामणवाडी ही भाऊंची सासुरवाडी, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे डोंगराच्या कुशीत. दर काही वर्षांनी गटांच्या हद्दी बदलायच्या आणि बिचारी वाडी नकाशावर हिंडत राहायची. कधी देवरूखकडच्या गटात, कधी खाडीकडच्या. रेघ मारणारे साहेब बदलले, पण वाडीतली माणसं पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातूनच बाजाराला जात राहिली. त्यांना पऱ्यावर एक साकव हवा होता, पायी ओलांडण्यापुरता. जो सदस्य असेल तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला तुम्ही माझ्याच गटात राहाल कशावरून?"

मग वाडी फणसघर गटात आली आणि जावईच निवडून आला. वाडीने गुलाल उधळला. आता साकव झालाच म्हणून समजा, असं म्हातारी माणसंसुद्धा म्हणू लागली. भाऊंचा हिशेब निराळा होता. सासुरवाडीची मतं जातात कुठे? ती घरचीच. म्हणून त्यांचा निधी जिथली मतं डळमळीत तिथे गेला आणि साकव दर वर्षी पुढच्या वर्षावर.

गेल्या निवडणुकीआधी वाडीची गावकी बसली. मुंबईकरांना निरोप गेले, ते गाड्या करून आले आणि अख्ख्या वाडीने एकदिलाने जावयाच्या विरोधात मतदान केलं. भाऊ कसेबसे वाचले. हा घरचा आहेर त्यांच्या फार जिव्हारी लागला. एखाद्या परक्या वाडीने पाडलं असतं तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

म्हणून यंदा नवी रचना जाहीर होताच भाऊंनी हरकत घेतली. सुनावणीत ते उभे राहिले आणि साहेबांना समजावून सांगू लागले, "साहेब, पऱ्या ही नैसर्गिक हद्द आहे. पावसात पलीकडचा संपर्क तुटतो. इतक्या वर्षांत तिथे साधा साकव नाही!" हे सांगताना त्यांचा आवाज चांगलाच भरून आला होता. मुद्दा बिनतोड होता. धामणवाडी फणसघरातून निघाली आणि शेजारच्या आंबेघोळ गटात गेली. भाऊंनी गणपतीपुळ्याला जाऊन नारळ फोडला, येताना पेढे आणले. गंगावहिनींनी पेढा देवापुढे ठेवला. स्वतः मात्र खाल्ला नाही, आणि भाऊंना त्यात काही विशेष वाटलं नाही.

आज ते घरी पोचले तेव्हा वहिनी पडवीत बसल्या होत्या. कपाळभर कुंकू, पुढ्यात तांदूळ, खण आणि पाच नारळ.

"गंगा, तुझा अर्ज भरायचाय," भाऊ चपला काढता काढता म्हणाले.

"तर! मी तयारच हाय."

भाऊंचा जीव भांड्यात पडला. उगाच घाबरलो, असं वाटून त्यांना हसू आलं. "तू नुसती सही कर. भाषणं, माणसं, सगळं मी बघतंय."

"सही आंबेघोळच्या अर्जावर करतंय," वहिनी म्हणाल्या. "तो गट सगळ्यांना खुला हाय."

भाऊ मटकन झोपाळ्यावर बसले. जिल्ह्यात कुठेही मतदार असलं की कुठल्याही गटातून उभं राहता येतं, हे ज्ञान वहिनींना त्यांनीच एकदा जेवताना दिलं होतं.

"दुपारीच चिमाकाकी नि धामणवाडीच्या बाया येऊन ओटी भरून गेल्या," वहिनी नारळ टोपलीत ठेवत म्हणाल्या. "गावकीचां ठरलां. मुंबईकरांचेपन फोन आले. खालच्या दोन वाड्यांत उद्या जातंय."

भाऊंच्या डोळ्यांपुढे फणसघर उभं राहिलं. पंधरा वर्षं राखलेला गट, आणि आता तिथे उभं करायला घरात बाई नाही. विरोधक उद्या सकाळी फटाके लावतील. चिडावं की हात जोडावे, तेच त्यांना कळेना. खरं सांगायचं तर त्यांना रडूच येत होतं.

"अगो, येवढां सगळां ठरवलंस," ते म्हणाले, "निदान मला एका शब्दानं विचारायचंस तरी!"

वहिनींनी पदराने हात पुसले आणि टोपली उचलली.

"गटातल्या समद्यांना विचारतंय मी," त्या म्हणाल्या. "तुमी माझ्या गटात येत नाय."