मामांची चौकशी

बडीशेपची दुसरी पुडी फोडून चांगदेव गेणभाऊंच्या टपरीला टेकून उभा राहिला. मंचरच्या हायवेवर कांद्याच्या गाड्या खोळंबल्या होत्या, धूळ थेट तोंडात जात होती, पण तो हलला नाही. भाचीचं, अक्षदाचं, लग्न जमवायचं होतं. मुलाच्या बायोडाटावर ठळक अक्षरांत ‘निर्व्यसनी’ असं छापलेलं होतं आणि छापलेल्यावर विश्वास ठेवायला चांगदेव काही दूधखुळा नव्हता. मुलगा खरा कसा आहे ते त्याच्या गावच्या टपरीवाल्याला विचारावं, हा त्याचा नियम. तिची आधीची दोन स्थळं त्यानं अशीच टपरीवरून मोडली होती. पोरीला वडील नव्हते. मामा हो म्हणेल तेव्हाच सुपारी फुटणार होती.

गेणभाऊंनीही पावण्याला ओळखलं होतं. परका माणूस नुसती बडीशेप खात रेंगाळला की तो मुलीकडचा, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. ते मुकाट्यानं पानं पुसत बसले. विचारील तेव्हा सांगू.

चांगदेव विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात मोटरसायकल येऊन थांबली. फोटोतलाच मुलगा, ऋतिक. पाहण्याच्या कार्यक्रमाला चांगदेव गेला नव्हता, त्यामुळे ऋतिक त्याला ओळखणं शक्य नव्हतं. तरी तो वेफर्सच्या माळांआड सरकला. पोरानं आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, आणि मग हळू आवाजात विचारलं.

“गेणभाऊ, सिगार हाय का?”

चांगदेवच्या तोंडातली बडीशेप थांबली. बिडी नाही, सिगारेट नाही, एकदम सिगार! निर्व्यसनी म्हणे.

“हाय की. हायवेची गिऱ्हाइकं मागत्यात,” गेणभाऊ म्हणाले. “पर तुला रं कशाला?”

“मला न्हाई वो. दुसऱ्याला द्यायचीय. पहिल्यांदाच वढणार हाय, तवा बेतानं द्या.”

दुसऱ्याला! सापडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. चांगदेवनं मनातल्या मनात मान डोलावली.

गेणभाऊंनी काचेखालचा डबा काढला. “ही जाडी नगं, नवख्याला गरगरंल. ही बारकी, फिक्या रंगाची ने. धूर छातीत वढायचा न्हाई, नुसता तोंडात घोळवायचा आन सोडायचा. आन उपाशीपोटी तर अजाबात न्हाई, सांग त्याला. ही दुसरी व्हॅनिलाच्या वासाची हाय. कंची देऊ?”

“थांबा, मी इचारलं व्हतं. तिचा मेसेज आलाय.”

तिचा! चांगदेवचं डोकं सणकलं. इकडं आमची पोरगी पाहून गेला आणि तिकडं ही कोण? त्यानं खिशातून फोन काढला. बहिणीला आत्ताच्या आत्ता कळवायचं, हेही स्थळ बाद.

ऋतिकनं फोन गेणभाऊंपुढं धरला आणि मेसेज स्पीकरवर लावला.

“ऐक ना, गोड वासाची नको. साधी आण, पण हलकी. एकदाच ओढून बघायचीय, मग आयुष्यात नाव नाही काढणार. आणि कुणाला बोलू नको हां. आमचा मामा लई संशयी आहे. त्याला कळलं ना, तर लग्न तुझंच मोडेल!”

आणि त्यापुढं खळखळून हसणं.

बडीशेपचा दाणा चांगदेवच्या घशात गेला. ठसका काही केल्या थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हा आवाज त्याच्या खांद्यावर बसून ओझरच्या जत्रेत फुगे मागायचा. राग तर आलाच होता, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पोरगी आपल्यापासून काही लपवत नाही, असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

ऋतिक धावत माळांच्या आड आला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःच्या गाडीला अडकवलेली पाण्याची बाटली उघडून पुढं केली.

“सावकाश, काका. बसा हितं.”

चांगदेव बसला, पाणी प्याला. वर मात्र बघितलं नाही. ऋतिकनं बारकी सिगार कागदात गुंडाळून घेतली, शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवली आणि गेला.

डबा परत काचेखाली गेला. मग गेणभाऊच म्हणाले, “इचारा पावणं, काय इचारायचं व्हतं.”

“पोरगं कसं हाय?” चांगदेवचा आवाज अजून बसलेला होता.

“बडीशेपबिगर माझ्याकडनं कदी काय नेलं न्हाई. आज नेलं, ते कुणासाठी हे तुमी ऐकलंच.”

चांगदेवनं ऐकलं होतं. त्यानं हातातली पुडी चुरगळली.

“तसं त्याचं घर बी लई चौकस हाय,” गेणभाऊ पुन्हा पानं पुसायला लागले. “चुलता तर तुमच्यावानीच. टपरीवाल्याला इचारल्याबिगर सोयरीक करीत न्हाई. आज सकाळीच गाडी काढून पोरीच्या गावाला, ओझरला गेलाय.”

चांगदेव ताडकन उठला. रस्त्याच्या कडेला जाऊन त्यानं फोन लावला. बहिणीला नाही, ओझरच्या कमानीपाशी टपरी लावणाऱ्या बहिरूला.

“बहिरू, तुझ्याकडं कुणी परका माणूस उभा हाय का रं?”

“हाय की, मामा,” बहिरू म्हणाला. “मगाधरनं नुसती बडीशेप खातोय.”