गुडघे अधिक सून

“आई, चौदा मिनिटं झाली!”

सुविधाने प्लग काढला, पाणी तापवायचा रॉड खिळ्याला टांगला आणि मगच बालदीत कोपर बुडवलं. पाणी जेमतेम कोमट झालं होतं.

न्हाणीच्या दारावर तिनेच सकाळी चिकटवलेला कागद होता : ‘पाऊण बालदी. २३० व्होल्ट, ६.५ अँपियर. रोध ३५ ओहम. शक्ती १५०० वॉट. वेळ १४ मिनिटं.’ खाली लाल पेनाने, दोनदा अधोरेखित : ‘आधी प्लग काढणे. मग हात घालणे.’

दाराबाहेर तिची सासू, कमलाक्षी, पाय लांब करून बसली होती. पायांवर सहा महिन्यांची ऋतिका, तेलाने चकचकीत. खिडकीत ठेवलेल्या फोनमधून कमलाक्षीची बहीण गंगा आमोण्याहून मोठमोठ्याने आपल्या गुडघेदुखीचं गाऱ्हाणं सांगत होती. सकाळ-संध्याकाळ, ऋतिकाच्या आंघोळीच्या वेळेला हा फोन ठरलेला.

“आई, पाणी तापलं नाही.”

“तापतलां गे. गंगाचे आत्ता खंय गुडघे संपले.”

लक्षच नाही, सुविधाला वाटलं. उद्यापासून ती म्हापशाच्या कॉलेजात परत रुजू होणार होती. सकाळी सातची बस, घरी यायला संध्याकाळचे साडेसात. दोन्ही वेळची आंघोळ आईंच्या हातात. आणि आईंचे कान आमोण्यात.

की रॉडच गेला? आदल्या दिवशी रॉड जातो म्हणजे काय!

तिने प्लग आणि बोर्डाच्या मधे बसणारा छोटा मीटर आणला, रॉड पुन्हा बालदीत सोडला आणि दोन पावलं मागे होऊन बटण दाबलं.

एकशे ऐंशी व्होल्ट. पाच पॉइंट एक अँपियर.

तिने भिंतीला वही टेकवून भागाकार केला. पस्तीस. रोध सकाळी होता तेवढाच. रॉड धडधाकट होता. मग गुणाकार केला. नऊशे अठरा वॉट.

तिने स्वतःच्याच कपाळावर पेन मारलं. दिवेलागणीला अख्ख्या कोरगावात पंप, पंखे, टीव्ही एकदम सुरू. व्होल्ट उतरले की अँपियरही उतरतात, आणि शक्ती म्हणजे दोघांचा गुणाकार, मार दोन्हीकडून. हे ती सहा वर्षं मुलांना शिकवत होती. आणि घरच्या कागदावर सकाळचा आकडा दोन्ही वेळांना लावून मोकळी झाली होती!

चौदा गुणिले पंधराशे, भागिले नऊशे अठरा. तेवीस मिनिटं. म्हणजे अजून नऊ. तिने मोबाइलवर नऊ मिनिटांचा गजर लावला आणि बालदीसमोर पहारा देत उभी राहिली.

“...आणि फ्रीजात बांगड्यांच्या शेजारी दूध ठेवलं तिने! वर मलाच विचारते, चहाला वास कसला येतो?” फोनमधून गंगा सांगत होती.

“शिव शिव,” कमलाक्षी म्हणाली आणि ऋतिकाच्या पोटऱ्या चोळत राहिली. ऋतिकाने मूठ तोंडात घातली आणि तीही बहुतेक मावसआजीचंच ऐकत राहिली.

बऱ्याच वेळाने गंगाने लांब उसासा टाकला. “चालायचंच गे. सून आहे, झालं.”

“बरां तर, ठेवतंय,” कमलाक्षी म्हणाली. “पाणी तापलां.” तिने फोन बंद केला आणि सुविधाकडे मान वर केली. “प्लग काढ.”

सुविधाच्या हातातल्या मोबाइलचा गजर त्याच क्षणी वाजला.

तिने प्लग काढला. रॉड टांगला. कोपर बुडवलं. सकाळी होतं तसंच, अगदी तसंच पाणी.

“तुम्हाला कसं कळलं?”

“कळायचां काय त्यात?” कमलाक्षी ऋतिकाला उचलत म्हणाली. “सकाळी गंगाचे गुडघे संपले की पाणी होता. सांजेक लायटीत दम नसता. तेव्हा गुडघे आणि सून, दोन्ही झाल्याशिवाय नाय.”

“पण रोज तेवढाच वेळ?”

“रोज तेच सांगता ती. एक अक्षर बदलीत नाय. तू तिका सांगू नको हां. मुद्दाम लांबवीत.”

सुविधा दाराकडे गेली. कागदावरचा ‘१४ मिनिटं’ तिने खोडला. शेजारी लिहिलं : ‘सकाळ : गुडघे. संध्याकाळ : गुडघे + सून.’ लाल ओळीला मात्र हात लावला नाही.

आत ऋतिकाच्या अंगावर पहिला तांब्या पडला आणि ती खिदळली. सुविधा तुवालो घेऊन दारात उभी राहिली. एक मिनिट गेलं. दुसरं संपायच्या आत तिने विचारलंच.

“आई, पण गंगामावशींचे गुडघे बरे झाले तर?”

कमलाक्षीने तांब्या भरता भरता तिच्याकडे पाहिलं.

“मगे काय, मी माझ्या सुनेचां सांगीन तिका,” ती म्हणाली. “पण ता सगळां सांगून होईपर्यंत पाण्याक उकळी येतली, बाय.”