शेऱ्यांचा रकाना

वसमतच्या घरी साधना गावपाहणीचे आकडे तपासत होती. 'आर' या संगणकभाषेतला तिचा प्रोग्रॅम एका रकान्यातली सूत्रं वाचायचा आणि हुकूम म्हणून चालवायचा. आज चुकून तिनं शेऱ्यांचा रकाना दिला. साध्या मराठी वाक्यांवर तो अडायलाच हवा होता. अडला नाही.

तिसरा शेरा शिरड शहापूरच्या रुक्माबाईंचा होता: 'हापशाला पाणी येऊ दे.'

लगेच त्यांचा फोन आला. "बाई, हापसा वाहून राहिला! चार साल कोरडा हुता. कुनी हात बी न्हाई लावला."

ओळी सरकत होत्या. शेवटचा पाहणी-फॉर्म सरावाचा, साधनानं स्वतःच्याच घराचा भरलेला. शेरा: 'घरी कोणी नाही.'

स्वयंपाकघरात आई शेंगदाणे कुटत होती. खलबत्ता थांबला.

"आई?" साधनानं हाक मारली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.