मैदानातलं फाटक

घंटा होऊन गेली होती आणि थॉर्नबेकची अख्खी शाळा मैदानाच्या मधोमध रांगेत उभी होती. रांगेच्या टोकाला लोखंडी फाटक होतं. फाटकाच्या डावीकडे काही नव्हतं. उजवीकडेही काही नव्हतं. गवत होतं, ते दोन्हीकडे सारखंच ओलं होतं.

एका मुलीने कडी काढली, पलीकडे गेली, वळून कडी लावली. मग मागच्या मुलाने कडी काढली.

नव्या हेडमिस्ट्रेस मिस गार्बट छत्री घेऊन बाजूच्या गवतावर उभ्या होत्या. हजेरी खालच्या इमारतीत, प्रार्थना वरच्या इमारतीत, आणि मध्ये हे. शेवटचा वर्ग प्रार्थनेला पोचायचा तेव्हा आमेन होऊन गेलेलं असायचं. आज कौन्सिलचे इन्स्पेक्टर येणार होते. हा उशीर थांबलेला दिसला नाही, तर बाईंना पुन्हा डर्बीला जाऊन भूगोल शिकवावा लागणार होता.

"अरे, बाजूने या ना!" बाई ओरडल्या. "कुंपण कुठेय आता? गवतावरून या!"

रांगेने त्यांच्याकडे सभ्यपणे पाहिलं.

"बाई, ते मध्ये घुसल्यासारखं होईल," एक मुलगी म्हणाली. मागून दोघंतिघं "हो ना" असं पुटपुटली.

रांगेत लॅटिनचे लम्ली सरही होते. ते मूळचे वरच्या शाळेचे. पूर्वी अकराव्या वर्षी परीक्षा व्हायची. पास झालेली पोरं वरच्या शाळेत, नापास झालेली खालच्या, आणि मध्ये कुंपण. मग कौन्सिलने दोन्ही शाळा एक केल्या आणि कुंपण काढायचा ठराव केला. ठरावात फाटकाचा उल्लेख नव्हता.

"सर, निदान तुम्ही तरी बाजूने चला. तुमचं बघून पोरं येतील."

"माझी काहीच हरकत नाही," लम्ली सर म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. "पण असं आहे बघा, बाई. मी फाटक उघडून धरतो, खालची मंडळी आत येतात, थँक्यू म्हणतात. दिवस बरा जातो. नुसत्या गवतावरून आली, तर आपण त्यांना आत घेतलंय हे त्यांना कळणार कसं?"

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

तेवढ्यात सुतारकामाचे रेस्ट्रिक सर आले. ते खालच्या शाळेचे. बाईंनी त्यांना पाना आणायला सांगितलं होतं. त्यांनी पाना आणला होता आणि तेलाची बुदलीही आणली होती. आल्याआल्या त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं.

"तेल कशाला घालताय? काढायचंय ते!"

"बाई, एक बोलू का? आम्हाला सगळा जन्म या फाटकातून आत घेतलं नाही. आमचा चेंडू वर गेला की तो वरचाच व्हायचा. आत्ता कुठे ताठ मानेने आत जायला मिळतंय, तर तुम्ही फाटकच उपटताय."

"अहो, आता कुठूनही जाता येतं!"

"कुठूनही जाण्यात काय राम आहे?"

बाईंनी नुसतं बोट दाखवलं. रेस्ट्रिक सरांनी पाना लावला. लम्ली सर रांगेतली आपली जागा मागच्या मुलाला राखायला सांगून आले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. शाळा एक झाल्यापासून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. खांबांसकट फाटक सुटलं, दोघांनी ते उचललं आणि तिथेच अडकले, कारण लम्ली सर ते वर न्यायला निघाले होते आणि रेस्ट्रिक सर खाली. शेवटी ते गवतावर आडवं ठेवलं.

आता तिथे काहीच नव्हतं.

"चला!" बाई म्हणाल्या.

पहिला मुलगा पुढे आला. फाटक होतं तिथे थांबला, जरा अंदाज घेतला आणि पलीकडे गेला. मग त्याच्या मागची मुलगी थांबली. आधीपेक्षा वेळ जास्त लागत होता, कारण फाटक नेमकं कुठे होतं ते प्रत्येकाला आठवावं लागत होतं.

इन्स्पेक्टर पिकल्स खालच्या इमारतीकडून आले. त्यांनी मैदान पाहिलं, रांग पाहिली आणि तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

बाई धावत गेल्या. "सर, तुम्ही असे इकडून या," म्हणत त्यांनी पिकल्सना गवतावर काढलं. रांग खाकरली. अख्खी रांग, एकदम. पिकल्स कानापर्यंत लाल झाले. "सॉरी, सॉरी," म्हणत ते परत जागेवर जाऊन उभे राहिले. बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने पिकल्सनी हळूच विचारलं, "रांग कशाची आहे हो?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही. पण रांग होती."

रांग एक पाऊल सरकली.

"तुमच्याकडे पोरांना उशीर होतो अशी तक्रार आहे."

बाईंनी डोळे मिटले. "होतो."

"कुठे? मला तर कुणीच उशिरा आलेलं दिसत नाही. सगळे रांगेत आहेत."

बाईंनी डोळे उघडले.

वर प्रार्थना संपली होती. शेवटी या दोघांचा नंबर आला. पिकल्स पुढे झाले, वळले आणि बाईंसाठी हात लांब करून अदबीने उभे राहिले.

"थँक्यू," बाई म्हणाल्या आणि पलीकडे गेल्या. चार पावलं चालून थांबल्या. मागे आल्या, आणि कडी लावली.