तीन कॉप्या

"क्लाउडवर प्रत्येक फाइलच्या तीन कॉप्या आहेत ना? मग झालं तर!" साहेब म्हणाले.

"पण तिन्ही एकाच इमारतीत आहेत, साहेब. एक तरी दुसऱ्या देशात ठेवू. दवाखान्यांचे स्कॅन आहेत ते," मी म्हणालो.

"खर्च दुप्पट होतो. आणि इमारत काय पळून जाणार आहे?"

मीटिंगमधले सगळे खो खो हसले. मीही हसलो. पगार मलाही हवाच असतो.

वर्षअखेरीला या काटकसरीबद्दल साहेबांना कंपनीचं बक्षीस मिळालं. त्यांनी 'पैसा कसा वाचवावा' यावर अठरा मिनिटं भाषण ठोकलं आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. "भाषणाचा व्हिडिओ आपल्या बाहेरच्या पाचही देशांत वेगवेगळा ठेव. तिकडच्या शाखांमध्ये बघताना मध्येच अडकायला नको. खर्चाचं मी बघतो."

गेल्या मंगळवारी त्या इमारतीला आग लागली. इमारत पळून गेली नाही, जागच्या जागी जळाली. तिन्ही कॉप्या एकदमच गेल्या. सकाळपासून दवाखान्यांचे फोन थांबेनात. एक सर्जनबाई तर पेशंटला टेबलावर घेऊन स्कॅनची वाट बघत उभ्या होत्या.

साहेब घामाघूम होऊन माझ्याजवळ आले. "काहीच शिल्लक नाही का रे? एखादी तरी फाइल?"

"आहे ना, साहेब. अठरा मिनिटांची आहे. पाचही देशांत एकदासुद्धा न अडकता चालतेय."